कंपनी खानगी आहे

पूर्णा जंक्शन
ता. ११ नाहीतर १२ जून १९३५

गुरुजी,

मच्छिंद्रचा नमस्कार घ्या आणि अक्षराला हसू नका. पेन्सिल बायस्कोपवाल्याची आहे. तिला टोक न्हाई आणि माझ्याजवळ चाकू न्हाई.

मी आता पूर्ण्याला आहे. इथं बायस्कोपचा तंबू लागलाय, त्याचं इंजिन मी चालवून राह्यलो. एवढंसं इंजिन, आपल्या जिनिंगमधल्या इंजिनाचं नातवंड म्हणा. मालक म्हणला, तुझा हात चांगला आहे. हात म्हणल्यावर त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई. ते असो. इथं स्टेशनावर एक माकड आहे. ते हैदराबादकडच्या गाडीलाच फलाटावर येतं, मनमाडकडच्या गाडीला बिलकुल येत न्हाई. मी चार दिवस बसून बघितलं. स्टेशनमास्तरलाही कारण माहीत न्हाई.

लिहायचं ते असं. तुम्ही आपल्या जिनिंग कंपनीचे चिटणीस, म्हणून तुम्हालाच इचारतो. दादा वारले तेव्हा त्यांचे कंपनीतले पाच हिस्से माझ्या नावावर आले होते. ते सगळे मी गाव सोडायच्या आधी कडूबा मिस्त्रीला देऊन टाकले. राजूरला, गणपतीच्या पायऱ्यांवर. हिस्स्यांच्या कागदामागं सही केली, उपरण्याच्या कोपऱ्यात कागद बांधला आणि उपरण्यासकट त्याच्या डाव्या हातात दिला, बैलाचं दावं देतात तसा. मला काय करायचेत हिस्से? मी एका जागी राहतो का?

तर एवढंच सांगा, कडूबाभाऊ आता बैठकीत बसतो का? खुर्चीवर बसतो का सतरंजीवर? रामरावकाका त्याला काय म्हणून हाक मारतात? आणि त्याचा हात भरून आला का? जल्दी लिहा. तंबू पंधरा दिवसांनी नांदेडला जाणार.

मच्छिंद्र


भोकरदन
ता. २७ जून १९३५

चि. मच्छिंद्र यास वामन जगन्नाथ याचे आशीर्वाद.

माकडाचं वाचलं. मुद्द्यावर मीच येतो, कारण तू येणार नाहीस.

परवा बैठक होती. कडूबा धुतलेलं धोतर नेसून आला. उजवा हात उपरण्याखाली झाकलेला, डाव्या हातात तुझा कागद. तुझे काका रामराव अध्यक्षाच्या जागी होते. ते म्हणाले, "काय रे कडूबा, फाटक कोणावर सोडून आलास?" (बोटं गेल्यापासून त्याला फाटकावर राखणीला बसवलं आहे, हे तुला ठाऊक नसेल.) कडूबा म्हणाला, "मालक, धाकल्या मालकांनी हिस्सा दिलाय." काकांनी कागद उलटापालटा करून पाहिला आणि हसले. मग बाकीचेही हसले. मी हसलो नाही, मान खाली घालून वही लिहीत राहिलो.

आता तुला समजावून सांगतो. शाळेत तू हा भाग शिकला नाहीस, कारण तोवर आपली शाळाच बंद पडली. शाळा खानगी होती, तिला परवानगी लागत होती आणि ती मिळाली नाही. पाटी उतरवून मी इथे चिटणीस झालो. ही कंपनीसुद्धा खानगीच. पण इथे हा शब्द उलट कामाचा आहे, सरकारलाही फार आत डोकावू देत नाही.

आपल्या दरवाजावर लिहिलंय "खानगी महदूद". महदूद म्हणजे मर्यादित. कंपनी बुडाली तर ज्याचा जेवढा हिस्सा तेवढाच बुडायचा, घरदार आणि जमीन जायची नाही. तुझे दादा याला म्हणत, नुकसानीला घातलेलं कुंपण. आणि खानगी म्हणजे, सभासद मोजकेच, आपल्याकडे सात घरं. दवंडी पिटून वाटेल त्याला हिस्से विकायचे नाहीत. आणि एकाचा हिस्सा दुसऱ्याकडे जायचा तर आतल्यांनी हो म्हटलं पाहिजे. कलम अकरा. संचालकांनी नाही म्हटलं तर कारण सांगायलाही ते बांधील नाहीत. बैलाचं दावं हातात दिलं की बैल गेला. हिस्सा तसा जात नाही, गणपतीसमोर दिला तरी.

हे कलम घालण्याचा आग्रह तुझ्या वडिलांचा, पुंजारामजींचाच होता. जालन्याचा कोणी मोठा व्यापारी एकेक हिस्सा उचलून सगळी कंपनी गिळेल, अशी त्यांना धास्ती होती. त्यांनी सांगितलं आणि मी सुवाच्य अक्षरात लिहिलं.

काकांनी कारण सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं: "चालत्या रेच्यात हात घालणाऱ्याला मालक करायचं?" माघातल्या अपघाताची नोंद वहीत तशीच आहे. "कडूबा मिस्त्री याने सरकी काढायच्या रेच्याचा पट्टा न काढता, निष्काळजीपणाने हात घातला." कडूबाने कागदाची घडी केली आणि फाटकावर जाऊन बसला.

तू हिस्सा का दिलास? खरं कारण असेल तर कळव. त्याचा उपयोग होऊ शकेल.

वामन


नांदेड
ता. १९ जुलै १९३५

गुरुजी,

तुमचं पत्र तीन गावं फिरून आलं. वाचलं आणि तंबूतून उठून गोदावरीवर गेलो. पाणी एवढं चढलंय की घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसत न्हाईत. एक माणूस भोपळे बांधून पल्याड जाऊन राह्यला होता. डोक्यावर कोंबड्यांची पाटी! एक कोंबडी उडाली, ती पाण्यात न पडता बराबर त्याच्या डोक्यावरच परत बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मंग आठवलं की मी कशासाठी आल्तो, तर टाळ्या थांबवल्या. टाळी वाजवायला दोन हात लागतात गुरुजी.

हा कसला कायदा? माझी वस्तू मी कोणालाही देईन! माझं धोतर मी भिकाऱ्याला दिलं तर त्याला रामरावकाकांना इचारावं लागेल का? तुम्ही अव्वल तालुकदाराकडं अर्ज करा. न्हाईतर असं करा, नाव माझंच राहू द्या आणि बैठकीला माझ्या जागी कडूबाभाऊला बसवा. हेही जमत न्हाई म्हणू नका.

का दिला म्हणता. त्यानं मला इंजिन शिकवलं म्हणून दिला. दादा वारल्यावर मी नुसता उंडारत होतो, तेव्हा त्यानं मला तेलाचा डबा धरायला लावला. आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं ओळखायचं त्यानंच शिकवलं. त्याचीच भाकर मी आता खातो. एवढं कारण पुरे न्हाई का?

पण वहीत तसं कोणी लिहिलं? तुम्ही? कडूबाभाऊनं स्वतः सांगितलं का तसं? तो बैठकीत अपघाताबद्दल काय म्हणला? कोणाचं नाव घेतलं का? सोनूबाई वहिनी काय म्हणतात? मला काही न्हाई, सहज इचारतो. पण तो काय म्हणला ते नक्की लिहा.

मच्छिंद्र


भोकरदन
ता. ९ ऑगस्ट १९३५

चि. मच्छिंद्र यास आशीर्वाद.

चार वर्षं तुला शिकवलं. गणित चुकलं की पाटी दाखवायच्या आधी तू ती मनगटाने पुसायचास आणि मग विचारायचास, "बाकीच्यांचं बरोबर आलं का?" तुझं पत्र तसं आहे. कडूबा काय म्हणाला, हे एका पत्रात तू तीनदा विचारलंस.

तो काही म्हणाला नाही. नोंद मी लिहिली, रामरावांनी सांगितली तशी. कडूबा तेव्हा जालन्याच्या दवाखान्यात होता. त्याला विचारावं असं कोणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

गेल्या सोमवारी कडूबाची बायको सोनूबाई माझ्याकडे आली. डोक्यावर जळणाचा भारा होता, तो खालीही ठेवला नाही. म्हणाली, "गुरुजी, वहीत आमच्याबद्दल काय लिव्हलंय ते वाचा." मी वाचलं. ती म्हणाली, "पट्टा काढलाच होता. आमचा माणूस बारा वर्सं मशिनीवर हाय, त्याला एवढं कळत न्हाई? पट्ट्याच्या दांडीवर कोण होतं ते लिव्हा की!" मी विचारलं, "कोण होतं?" तर म्हणाली, "ते मला सांगत न्हाईत. मालकाच्या घरचं हाय म्हणतात." आणि भारा घेऊन निघून गेली.

मालकांची घरं सात आहेत. पण माघात जिनिंगमध्ये उभा राहणारा मालकाच्या घरचा माणूस एकच होता.

दोन गोष्टी नीट वाच. एक, कडूबाचं नाव संचालकांनी घेतलं नाही, म्हणून सभासदांच्या यादीत अजून तुझंच नाव आहे. दुसरी, बैठकीची नोंद चूक आहे असं सभासदाने लेखी कळवलं तर ते पत्र बैठकीत वाचावंच लागतं. बाहेरच्याने कळवलं तर टोपलीत टाकता येतं. कडूबा बाहेरचा, सोनूबाई बाहेरची, मी पगारी चिटणीस, मीही बाहेरचाच. आतला तू आहेस. पुढची बैठक दसऱ्यानंतर आहे.

वामन


सिकंदराबाद
ता. २४ सप्टेंबर १९३५

गुरुजी,

हे सहावं पत्र आहे. पाच फाडली. हे बैठकीत वाचा. वाचताना चुका सुधारल्या तरी चालेल, पण काही गाळू नका.

माघ महिना होता, दुपारची वेळ. तीन नंबरच्या रेच्याचा रोलर कापसानं तुंबला. कडूबाभाऊनं पट्टा मोकळ्या चाकावर ढकलला. पट्टा मोकळ्या चाकावर गेला की इंजिन चालू असलं तरी रेचा थांबतो. पण तीन नंबरच्या, पट्टा सरकवायच्या दांडीची खाच झिजली होती. कोणी दांडी धरून उभं न्हाई राह्यलं तर ती हळूहळू सरकते आणि पट्टा पुन्हा चालत्या चाकावर येतो. हे मला माहीत होतं, कडूबाभाऊनंच सांगितलं होतं. तो म्हणला, "धाकले मालक, दांडी धरा. मी 'सोडा' म्हणलो की सोडा." मी धरली. त्यानं रोलरमध्ये हात घातला.

तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला आणि पोरं ओरडत पळाली की केळना नदीत मोटारलॉरी फसली. गुरुजी, मी तोवर लॉरी जवळून बघितली नव्हती. हिरवी होती, पुढची काच फुटलेली, आणि आत डायवरच्या मांडीवर एक बकरी होती. चाकं वाळूत अर्धी गेल्ती. आम्ही दोऱ्या लावल्या, चार बैलजोड्या लावल्या, तरी...

बघा. पुन्हा लॉरीवरच गेलो. हे असं होतं माझं. त्या दिवशीही असंच झालं.

मी दांडी सोडली. सोडली म्हणजे, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दांडी खांबाला बांधली. अर्धी गाठ. पुरी गाठ मारायला जेवढा वेळ लागतो तेवढाही मला दम न्हव्हता. मनात म्हणलं, तो आताच हात काढील. त्याला सांगितलं न्हाई. त्याची पाठ माझ्याकडं होती. मी पळालो.

दिवस कलल्यावर परत आलो, पायाला चिखल, हसत. फाटकाशी सगळे उभे होते. कडूबाभाऊला बैलगाडीत घालून जालन्याला नेलं होतं. आत गेलो. रेचा थांबलेला. कापूस लाल. आणि खांबापाशी माझं उपरणं पडलं होतं, सुटलेलं. मी ते उचललं. झटकलं. घडी करून खांद्यावर टाकलं. आणि बाहेर येऊन बाकीच्यांसारखाच इचारलं, "कसं झालं?"

दांडी सोडली ती एका क्षणाची चूक म्हणून मी मनाला समजावलं असतं. पण उपरणं मी शांतपणानं उचललं. तेव्हा काही भोंगा वाजत न्हव्हता.

काकांनी वहीत लिहायला सांगितलं ते मी शेजारी उभं राहून ऐकलं. हो गुरुजी, मी तिथं होतो. तुम्ही दौत सरकवायला सांगितली ती मीच सरकवली. तुम्हाला आठवतं का?

हिस्सा त्यासाठी दिला. मला वाटलं, दिला की फिटलं. त्याला खरं सांगायचं धाडस न्हव्हतं म्हणून कागद दिला. आणि कागदही असा निघाला की फाटकाच्या आत जात न्हाई.

माझं म्हणणं एवढंच. वहीतली नोंद बदला, तिथं माझं नाव लिहा. आणि पाचही हिस्से कडूबाभाऊच्या नावावर करा. मला काही नको. फक्त कापसाचा हंगाम सुरू झाला की मी येतो, मला तीन नंबरवर उभं करा. पगार देऊ नका. मी आपलाच आहे, माझ्यासाठी काय परवानगी लागणार?

मच्छिंद्र पुंजाराम


भोकरदन
ता. १५ ऑक्टोबर १९३५

चि. मच्छिंद्र यास आशीर्वाद.

दौत मला आठवते. तू ती सांडलीही होतीस, आणि मी तुझ्यावर ओरडलो होतो.

काल बैठक झाली. पत्र वाचलं, काही गाळलं नाही. बकरीही वाचली. कोणी हसलं नाही.

रामराव सुपारी कातरत होते. मग म्हणाले, "वामनराव, पोराचं पत्र खिशात घाला. कडूबाला हिस्सा देऊन टाकू, सही करतो मी. पण वहीत काही लिहायचं नाही. पुंजारामचं नाव आहे त्याला. घरातली गोष्ट घरात राहू द्या. कंपनी खानगी कशाला केली मग?" बाकीच्यांनी माना हलवल्या. मला वाटलं, झालं. तुझी अर्धी मागणी तरी मान्य झाली.

कडूबाला फाटकावरून बोलावलं. काकांनी त्याला खुर्ची दाखवली. "बस. आजपासून तू कंपनीचा." तो बसला नाही. म्हणाला, "मालक, आधी वही."

"अरे, हिस्सा मिळतोय तुला! पाच!"

"आधी लिव्हा. मंग बसतो."

"पोराचं नाव काळं करायचं का त्यात?"

"माझं आठ महिने काळंच हाय त्यात," कडूबा म्हणाला. आवाज चढवला नाही. उपरण्याखालचा हात बाहेर काढला आणि मेजावर ठेवला. इतके महिने त्याने तो कोणाला दाखवला नव्हता.

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. मला म्हणाले, "लिहा." मी जुनी ओळ खोडली आणि तू लिहिलंस ते चार ओळींत लिहिलं. पाचही संचालकांनी सह्या केल्या. मग कडूबा खुर्चीवर बसला आणि सभासदांच्या यादीत त्याने सही केली, डाव्या हाताने. कळलं का, तो हे महिनोन्‌महिने फाटकावर मातीत गिरवत होता. मी रोज तिथून जात होतो आणि मला वाटायचं, वेळ घालवायला रेघा ओढतोय.

त्याच्या वरच्या ओळीतलं तुझं नाव मी नियमाप्रमाणे खोडलं. रेघ सरळ आली नाही.

तुझ्या कामावर येण्याबद्दल मी विषय काढला. काका म्हणाले, "येऊ दे की, त्यात काय विचारायचं?" कडूबा म्हणाला, "मी कळवतो त्याला." म्हणून मी त्याबद्दल काही लिहीत नाही.

वामन


भोकरदन
ता. ४ नोव्हेंबर १९३५

मच्छिंद्रास,

धाकले मालक लिहायला घेतलं होतं. सवयीनं. खोडलं.

डाव्या हातानं लिहितो म्हणून थोडकंच लिहितो. चार दिवस लागले.

तीन नंबरच्या दांडीला लोखंडी खिट्टी बसवली. बैठकीत मी पहिलं तेच मागितलं. आता कोणी धरून उभं राहावं लागत न्हाई. दुसरं, नोंद लिहायच्या आधी ज्याला लागलं त्याला इचारायचं, असं ठरलं. मला कोणी इचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. कोणी इचारलं न्हाई.

राजूरला तू कागद दिला तेव्हा मी का घेतला म्हणशील. कागदासाठी न्हाई. कागद ज्यात बांधला होता ते उपरणं मी ओळखलं. हात सापडला तेव्हा मी मान वळवली होती. खांबाला तुझं उपरणं सुटून लोंबत होतं, तू न्हव्हता. राजूरला वाटलं, आता हा बोलंल. तू म्हणला, कडूबाभाऊ, प्रसाद घेतला का. आणि टांग्यामागं पळत गेला.

ते उपरणं सोनूनं धुवून ठेवलंय. तुझं तुला मिळंल.

तू लिहिलं, मी आपलाच आहे, मला काय परवानगी. तसं न्हाई. तुझे पाचही हिस्से माझ्याकडं आले. यादीत तुझं नाव न्हाई. गुरुजींनी मला कलम अकरा दोनदा वाचून दाखवलं, ते मी पाठ केलंय.

हंगाम सुरू झालाय. यायचं तर ये. पण सरळ आत येऊ नको. फाटकापाशी उभं राहा आणि हाक मार. मी आत जाऊन सगळ्यांना इचारीन, मंग स्वतःला इचारीन. तोवर थांबावं लागंल, किती ते सांगता येत न्हाई. मधीच नदीकडं जाऊ नको.

कंपनी खानगी आहे.

कडूबा